ठोका चुकतो, पण गोळी अजून जुनीच का? – तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी एट्रियल फिब्रिलेशनवर, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे सैरावैरा थरथरतात आणि ठोके अनियमित होतात त्या आजारावर, हॉस्पिटलात ज्याला नुसतं एएफ म्हणतात त्यावर लिहिलं होतं, आणि जाता जाता एक वाक्य टाकलं होतं की या आजाराच्या बहुतेक गोळ्या मी स्वतः कॉलेजात असताना शिकले त्याच आहेत. लेख राहिला बाजूला, सगळी पत्रं त्या एका वाक्यावर आलीयत, पिंपळगावपासून पेठपर्यंत. काहींनी तर रागावून लिहिलंय, जणू मीच गोळ्या अडवून ठेवल्यात. म्हणून यावेळी सगळी उत्तरं त्याचीच. नावं छापत नाही, फक्त गावं. आणि दर वेळचं तेच पुन्हा, मी औषधशास्त्र शिकवलं, पेशंट तपासत नाही, तेव्हा इथं वाचून कोणी गोळी बंद करू नका आणि सुरूही करू नका.

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक): मॅडम, आई ६८ वर्षांची आहे, एएफ आहे. दोन वर्षं अ‍ॅमिओडारोन चालू आहे. ठोके ठीक झाले पण थायरॉइड बिघडलं, आता त्याची वेगळी गोळी लागलीय, शिवाय दुपारी उन्हात गेली की तोंड लालभडक होतं. डॉक्टरांना विचारलं दुसरं काही नाही का, तर म्हणाले पर्याय फार नाहीत. कॅन्सरवर रोज नवीन औषधाची बातमी येते, मग ठोक्यांवर का नाही? कंपन्यांना यात पैसा दिसत नाही का?

उत्तर: आधी आईंचं बघू. अ‍ॅमिओडारोनच्या रेणूतच आयोडीन बसलेलं असतं, वजनाच्या साधारण ३७ टक्के, म्हणजे २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत जवळपास ७५ मिलिग्रॅम. माणसाला दिवसाला लागतं १५० मायक्रोग्रॅम. गोळीतलं सगळं काही सुटं होत नाही, पण जे होतं तेच गरजेच्या कितीतरी पट असतं, मग काहींचं थायरॉइड मंद पडतं, काहींचं भडकतं. यात डॉक्टरांचं काही चुकलं असं मनात धरू नका. थायरॉइड आणि लिव्हरची तपासणी साधारण दर सहा महिन्यांनी करून घ्या, कोरडा खोकला किंवा चालताना दम लागायला लागला तर लगेच कळवा कारण फुफ्फुसालाही हे औषध त्रास देऊ शकतं, आणि उन्हात छत्री, पूर्ण बाह्या. अजून एक, हे औषध चरबीत मुरून बसतं, बंद केल्यावर शरीरातलं निम्मं कमी व्हायलाच सरासरी दोनेक महिने लागतात. त्यामुळे "चार दिवस न घेता बघू काय होतंय" या प्रयोगातून काही कळत नाही, उलट तीन महिन्यांनी ठोके बिघडतात आणि तेव्हा कोणाला आठवतही नाही की गोळी कधी सोडली होती.

गंमत म्हणजे हे औषध ठोक्यांसाठी बनवलेलंच नव्हतं. इजिप्तमध्ये खेल्ला नावाची एक वनस्पती आहे, आपल्या ओव्याच्या कुळातली, तिच्यातल्या घटकावरून धागा पकडत पकडत बेल्जियममध्ये १९६१ च्या सुमारास अ‍ॅमिओडारोन तयार झालं ते छातीत दुखण्यासाठी, म्हणजे अंजायनासाठी. ठोक्यांवर ते चालतं हे १९७० मध्ये ऑक्सफर्डला ब्रह्मा सिंग आणि त्यांचे गाइड व्हॉन विल्यम्स यांनी दाखवलं. अमेरिकेत मंजुरी मिळाली १९८५ च्या डिसेंबरात. आज इतक्या वर्षांनी, इतक्या साइड इफेक्टसकट, परिणामाच्या बाबतीत त्याच्या तोडीची गोळी नाही. आईंच्या डॉक्टरांनी खरं तेच सांगितलंय.

आता का नाही ते. तुम्ही नाशिकचे, ढोल-ताशा पथक पाहिलेलंच असणार. पुढे ताशावाला इशारा देतो, त्यावर पन्नास ढोल एकदम पडतात, मग क्षणभर थांबतात, पुन्हा इशारा, पुन्हा एकदम. हृदयात वरच्या उजव्या कप्प्यातला एक छोटासा पुंजका ताशावाल्याचं काम करतो. ठोका पडतो तो सोडियम पेशीत घुसल्यामुळे, आणि नंतरची जी क्षणभराची विश्रांती, ती पोटॅशियम बाहेर गेल्यामुळे पूर्ण होते. एएफमध्ये वरच्या कप्प्यात ताशावाल्याला कोणी विचारतच नाही, मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे असे सैरावैरा ढोल वाजत असतात आणि मधला दरवाजा त्यातले थोडेच खाली सोडतो म्हणून माणूस जगतो. औषध काय करणार, तर एकतर सोडियमची वाट अरुंद करणार किंवा विश्रांती लांबवणार, म्हणजे ढोलवाल्यांचा हात जरा जड करणार.

पण गोळी रक्तातून सगळीकडे जाते. तिला काय माहीत वरचा कप्पा कुठला आणि खालचा कुठला. गोंधळ वरच्या कप्प्यात आहे आणि त्याच वाटा, तेच सोडियम-पोटॅशियम खालच्या मोठ्या कप्प्यातही आहेत जो सगळ्या अंगाला रक्त पुरवतो. तिथली विश्रांती जास्त लांबली आणि नेमक्या चुकीच्या क्षणी एक ठोका पडला तर खालचा कप्पाच थरथरायला लागतो, आणि मग मिनिटांचा खेळ. म्हणजे ठोके सुधारण्याचं औषध स्वतःच जीवघेणे ठोके सुरू करू शकतं. या एका अडचणीपाशी सगळं अडलंय असं माझं मत आहे, पैसा वगैरे त्यानंतर.

आणि ही नुसती भीती नाही, घडलेलं आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकात सगळ्यांचा पक्का समज होता की हार्ट अटॅकनंतर ज्यांना जास्तीचे ठोके पडतात ते लवकर दगावतात, तेव्हा ठोके दाबले की माणूस वाचणार. किती सरळ वाटतं ना? १९८७ मध्ये अमेरिकेत कास्ट नावाची मोठी ट्रायल सुरू झाली. त्यात घेतलेच असे पेशंट की ज्यांचे जास्तीचे ठोके त्या गोळ्यांनी खरोखर कमी झाले होते, म्हणजे ईसीजीवर औषध पास. मग अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना खोटी, म्हणजे औषध नसलेली. एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड या दोन औषधांचा भाग १९८९ च्या एप्रिलमध्ये घाईघाईने थांबवावा लागला. हिशोब लागला तो असा, खऱ्या गोळीवरच्या ७५५ जणांपैकी ६३ गेले, खोट्या गोळीवरच्या ७४३ पैकी २६. आणि तोपर्यंत ही औषधं हजारो लोक चांगल्या विश्वासाने घेत होते, डॉक्टर चांगल्या विश्वासाने देत होते. मी दर वर्षी हे आकडे फळ्यावर लिहायचे आणि पाच मिनिटं काही बोलायचे नाही. पुढे १९९६ मध्ये डी-सोटालॉल या पोटॅशियमवाल्या औषधाचीही तीच गत, ३१२१ पेशंट, औषधावर ५ टक्के मृत्यू आणि खोट्या गोळीवर ३.१ टक्के, बंद.

तिथून पुढे नियमच बदलला. ईसीजी सुंदर आला म्हणून आता कोणी टाळ्या वाजवत नाही, माणूस जगला का, त्याचा स्ट्रोक (पक्षाघात) टळला का, हॉस्पिटलच्या फेऱ्या कमी झाल्या का ते दाखवा. ते दाखवायला हजारो पेशंट आणि कित्येक वर्षं लागतात. अ‍ॅमिओडारोनमधलं आयोडीन काढून ड्रोनेडारोन बनवलं, तुमच्या आईंच्या त्रासावर अगदी नेमका उपाय वाटावा असं. ४६२८ लोकांच्या ट्रायलमध्ये चांगलं निघालं, २००९ ला अमेरिकेत मंजूर झालं, आणि २०११ मध्ये कायमस्वरूपी एएफ असलेल्या लोकांवरची दुसरी ट्रायल मध्येच थांबवायला लागली कारण तिथे मृत्यू आणि स्ट्रोक वाढले. म्हणजे काहींना चालतं, काहींना घातक, शिवाय ताकदही अ‍ॅमिओडारोनपेक्षा कमी. हे सगळं बघितल्यावर कंपन्या बिचकल्या. मध्यंतरी कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, हृदयात घालून बिघाडाची जागा जाळण्याचं तंत्र, म्हणजे अ‍ॅब्लेशन, पुढे गेलं. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवलं की बहुतेकांत एएफची ठिणगी फुफ्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते, मग तिथेच कुंपण घाला. आईंसाठी तो पर्याय आहे का हे जरूर विचारा, वय ६८ म्हणजे काही फार नाही.

प्रश्न (पिंपळगाव बसवंत): ताई, माझ्या भाच्याने माझ्या गोळीचा कागद मोबाइलवर वाचला, त्यात लिहिलंय ग्रेपफ्रूट खाऊ नये. माझा सात एकर द्राक्षबाग आहे. मागचा अख्खा सीझन मी एक मणी तोंडात टाकला नाही. हे किती दिवस पाळायचं?

उत्तर: अरेरे दादा! आजच सोडून द्या हे पथ्य. ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे. ते लिंबू-संत्र्याच्या जातीचं फळ आहे, पपनस आणि संत्र्याच्या संकरातून आलेलं, झाडाला घोसाने लटकतं म्हणून इंग्रजांनी तसलं नाव ठेवलं आणि इकडे पिंपळगावात तुमचा सीझन वाया गेला. आपल्या द्राक्षांचा या गोळ्यांशी संबंध नाही, शुगर असेल तर तेवढं बघून खा.

पपनस मात्र टाळा. ग्रेपफ्रूटमधले जे घटक आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम बंद पाडतात, तसलेच पपनसातही असतात. एन्झाइम बंद म्हणजे गोळी न मोडता जास्त रक्तात जाते, एक घेतली तर दीड-दोन घेतल्यासारखं. हे सापडलंही चुकून, कॅनडात एका अभ्यासात दारूची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस दिला होता आणि बीपीच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण भलतंच वाढलेलं दिसलं. १९८९ ची गोष्ट.

प्रश्न (सिडको, शिक्षिका, वय ३१): मला एसव्हीटी (हृदयाच्या वरच्या भागातून अचानक सुरू होणारी वेगवान धडधड) आहे. वर्गात शिकवता शिकवता अचानक धडधड सुरू होते, मिनिटाला १९० पर्यंत जाते आणि मग रिक्षा करून हॉस्पिटल. तिथे एक इंजेक्शन देतात, सहा-सात सेकंद आपण मेलोच असं वाटतं आणि मग एकदम सगळं शांत. असं काही घरी घ्यायचं औषध निघालंय का?

उत्तर: तुमचं वर्णन वाचून हसू पण आलं आणि काटा पण, कारण मी स्वतः एकदा द्वारका सर्कलला ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाडीत हे भोगलंय. ते इंजेक्शन अ‍ॅडेनोसिनचं. मधला दरवाजा क्षणभर पूर्ण बंद करतं, चक्रात फिरणारी वीज तुटते, आणि औषध दहा सेकंदांच्या आत रक्तातच मोडूनही जातं. ती मेल्यासारखी भावना खरी आहे, पण ती तेवढ्यापुरतीच.

घरच्यासाठी सगळ्यात आशादायक गोष्ट म्हणजे एट्रिपामिल नावाचा नाकात मारायचा स्प्रे. वेरापामिल या ठोक्यांच्या जुन्या औषधाच्याच घराण्यातला, पण पटकन चढतो आणि पटकन उतरतो अशा हिशोबाने रेणू घडवलाय. २०२३ मध्ये त्याच्या ट्रायलचा निकाल आला, लोकांनी घरीच, डॉक्टर शेजारी नसताना, अ‍ॅटॅक आल्यावर स्प्रे मारला, छातीला छोटा ईसीजी मॉनिटर लावलेला होता. अर्ध्या तासात स्प्रेवाल्यांतल्या ६४ टक्के लोकांचा ठोका जागेवर आला, खोट्या स्प्रेवाल्यांत ३१ टक्के. नाक चुरचुरणं, शिंका, डोळ्यातून पाणी असले त्रास झाले. मला हे फार आवडलं कारण इथे नवीन वाट शोधलेली नाही, जुनंच काम, फक्त कुठून द्यायचं आणि किती वेळ टिकायचं एवढं बदललं. ज्यांना वर्षातून चार-सहा वेळाच त्रास होतो त्यांनी ३६५ दिवस गोळी का गिळावी?

तो स्प्रे हाताशी येईपर्यंत फुकटचा उपाय शिकून घ्या, पण आधी तुमच्या डॉक्टरांसमोर एकदा करून. १० मिलीच्या सिरिंजचा दांडा सरकेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायचं, अर्धवट बसून, आणि लगेच सपाट आडवं व्हायचं आणि दुसऱ्या कोणीतरी पाय ४५ अंशांत १५ सेकंद वर धरायचे. इंग्लंडमध्ये २०१५ साली याची रीतसर ट्रायल झाली, नुसतं बसून फुंकलं तर १७ टक्के जणांचा ठोका सुधारला, पाय वर केले तर ४३ टक्के. पाय धरायला स्टाफरूममधली एखादी धीट मैत्रीण तयार करून ठेवा. आणि चक्कर, छातीत दुखणं, शुद्ध हरपल्यासारखं झालं तर हे काही करत बसू नका, सरळ हॉस्पिटल.

प्रश्न (आडगाव, एमबीबीएस सेकंड इयर): मॅम, अँटीअरिदमिक्स, म्हणजे ठोक्यांची औषधं, आम्हाला नुसतं पाठांतर वाटतं, क्लास वन, टू, थ्री, फोर. यात आता नवीन काही चाललंय का की सगळं अ‍ॅब्लेशनवाल्यांनी खाल्लं? आणि नवीन औषध ठोक्याला धोका करेल का हे आधी कसं कळतं?

उत्तर: पाठांतर वाटतं कारण ते वर्गीकरणच १९७० च्या आसपासचं आहे, व्हॉन विल्यम्स यांचं, वर आलेच ते. परीक्षेपुरतं ठीक.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण त्यात गोष्ट चांगली आहे. साठच्या दशकात फळमाश्यांवर काम करणाऱ्यांना अशा माश्या दिसल्या की ज्यांना ईथरची भूल दिली की पाय थडथड उडायचे, नाचल्यासारखे. त्या वेळी अमेरिकेत गो-गो डान्सचं खूळ होतं म्हणून त्या जनुकाला नाव पडलं ईथर-अ-गो-गो. त्याचाच माणसातला भाऊबंद म्हणजे हर्ग, आणि १९९५ ला कळलं की हृदयाची विश्रांती पूर्ण करणारी पोटॅशियमची एक मुख्य वाट हीच, आणि ती जन्मतः बिघडली की ईसीजीवर क्यूटी, म्हणजे ठोक्यापासून विश्रांती पूर्ण होईपर्यंतचा वेळ, लांबतो, चांगली धडधाकट पोरं अचानक कोसळतात. या हर्गचा दोष असा की तिचं तोंड आतून ऐसपैस आहे, कुठलंही औषध जाऊन अडकतं. टर्फेनाडिन, साधी शिंका-सर्दीची अ‍ॅलर्जीची गोळी, ती अमेरिकेतून १९९८ पर्यंत हद्दपार झाली. अ‍ॅसिडिटीची सिसाप्राइड २००० मध्ये. कोरोनात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि अझिथ्रोमायसिन एकत्र देताना ईसीजी काढा म्हणून ओरडा होत होता तोही याच कारणाने. २००५ पासून जगभरचा नियम आहे की औषध कुठल्याही आजारावरचं असो, हर्ग आणि क्यूटीची परीक्षा द्यावीच लागते. यात चांगले रेणूही विनाकारण मारले गेले असं बरेच जण म्हणतात, मलाही पटतं, कारण अ‍ॅमिओडारोन स्वतः क्यूटी चांगलाच लांबवतं पण जीवघेणी थरथर त्यामानाने क्वचित करतं, ते कॅल्शियम आणि सोडियमही दाबतं म्हणून. नुसत्या हर्गवर फैसला केला असता तर अ‍ॅमिओडारोन आज आलंच नसतं.

म्हणून आता सगळ्या वाटा एकत्र मोजून कॉम्प्युटरवर पेशीचा ठोका चालवून बघतात. पहिलं असं मॉडेल डेनिस नोबल यांनी १९६० लाच केलं होतं. शिवाय यामानाकांच्या शोधामुळे, ज्याला २०१२ चं नोबेल मिळालं, माणसाच्या त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशीतून हृदयाच्या पेशी बनवता येतात, बशीत त्या चक्क धडधडतात, त्यावर औषध टाकून बघायचं. उंदराचा उपयोग इथे कमी, त्याचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे वेळा धडधडतं आणि त्याच्या पोटॅशियमच्या वाटाच वेगळ्या, उंदराला बरं करणारी औषधं आपल्याकडे ढिगाने आहेत.

नवीन काय, तर सगळी धडपड फक्त वरच्या कप्प्यातच असलेली वाट शोधायची. व्हर्नाकॅलंट हे त्यातलं, सलाइनमधून द्यायचं, युरोपने २०१० मध्ये घेतलं, अमेरिकेने नाकारलं, तोच डेटा साधारण पण एक म्हणतो फायदा मोठा आणि दुसरा म्हणतो बीपी पडण्याचा धोका मोठा. डेन्मार्कमधले लोक एसके नावाच्या पोटॅशियमच्या वाटेवर काम करतायत, २०२४ मध्ये त्यांचा निकाल आला, मोठ्या डोसवर निम्म्याहून थोड्या जास्त लोकांचा ठोका दीड तासात सुधारला, खोट्या औषधावर एकाचाही नाही. पण पेशंट होते साठेक. कास्टचे आकडे आठव आणि मग किती नाचायचं ते ठरव. आणि हो, कास्टमधली खलनायक फ्लेकेनाइड मेलेली नाही बरं का, ज्यांचं हृदय बाकी चांगलं आहे त्यांना ती आजही एएफसाठी देतात, आणि सीपीव्हीटी या मुलांमधल्या ठोक्यांच्या भयंकर आजारात ती उपयोगी पडते हे २००९ मध्ये कळलं. औषध तेच, हृदय वेगळं.

प्रश्न (पंचवटी): एएफसाठी अर्जुनसाल चालू करू का? आपल्या आयुर्वेदात सगळं असताना परदेशी गोळ्यांच्या मागे का लागायचं?

उत्तर: वनस्पतींना कमी लेखायचं कारणच नाही, या विषयातली निम्मी औषधं झाडातून आलीयत. सर्पगंधा घ्या. तिच्यातून १९३१ मध्ये दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी एक घटक वेगळा केला आणि तिबिया कॉलेजवाल्या हकीम अजमल खानांच्या नावाने त्याला अजमालिन नाव दिलं. आज ब्रुगाडा नावाचा लपलेला ठोक्यांचा आजार उघड करायला युरोपातल्या हॉस्पिटलांत तेच इंजेक्शन टोचतात. त्याच सर्पगंधेवर मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी बीपीच्या पेशंटचा अभ्यास करून १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलला छापला तेव्हा कुठे जग जागं झालं. क्विनिनची गोष्ट तर अजून मजेची, १९१२ मध्ये एक डच व्यापारी डॉ. वेंकेबाखकडे गेला आणि म्हणाला माझी बिघडलेली नाडी तुम्हाला नीट करता येत नाही, मी मलेरियाचं एक ग्रॅम क्विनिन घेतो आणि सकाळी ठीक होतो. डॉक्टरने हसण्यावारी न नेता तपासलं, त्यातून पुढे क्विनिडिन हे ठोक्यांचं औषध आलं.

पण बघा, प्रत्येक ठिकाणी कोणीतरी घटक वेगळा केला, मोजला, पेशंटवर नोंदी ठेवल्या. अर्जुनावर अंजायना आणि हार्ट फेल्युअरमध्ये छोटे अभ्यास झालेत, एएफ थांबतं असा भक्कम पुरावा नाही. रक्त पातळ ठेवायची गोळी सोडून अर्जुन घेत असाल तर स्ट्रोकला दार उघडं ठेवताय, एएफमध्ये स्ट्रोकचा धोका जवळपास पाचपट असतो. जेष्ठमधाचा काढा रोज रोज तर नकोच, पोटॅशियम खाली जातं, आणि डिगॉक्सिन ही हृदयाची जुनी गोळी चालू असेल तर ते फार वाईट. एका पत्रात पिवळ्या कण्हेरीच्या बियांबद्दल विचारलंय, ते पत्र मी छापतही नाही. डिगॉक्सिनच्याच जातीचं विष आहे त्यात, डोस मोजता येत नाही, माणसं दगावतात. श्रीलंकेत तर त्यावर उताऱ्याची खास ट्रायल करावी लागली इतके लोक मरत होते.

प्रश्न (पेठ): वहिनीला लहानपणी सांधे सुजून ताप यायचा, आता व्हॉल्व्ह अरुंद झालाय आणि एएफ पण आहे. एसिट्रोम ही रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, दर महिन्याला आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते) तपासायला नाशिकला यावं लागतं, एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं. म्हणे नवीन गोळ्या निघाल्यात ज्यांना तपासणीच लागत नाही. डॉक्टर त्या देत का नाहीत?

उत्तर: तुमचा राग बरोबर आहे, पण डॉक्टर बरोबर करतायत. तुमच्या वहिनींसारख्याच लोकांवर, संधिवाताच्या तापाने व्हॉल्व्ह बिघडून एएफ झालेल्यांवर, भारतासह २४ देशांत साडेचार हजार जणांची ट्रायल झाली, इन्व्हिक्टस नाव. सगळ्यांना, मला सुद्धा, वाटत होतं की नवीन रिव्हारॉक्साबॅन जिंकणार. २०२२ च्या ऑगस्टमध्ये निकाल आला तर जुन्या आयएनआरवाल्या गोळीवर मृत्यू कमी निघाले. अरुंद व्हॉल्व्हवाल्यांना म्हणून जुनीच. मेथी-पालक-कोथिंबीर बंद करू नका, फक्त एका आठवड्यात जुडी आणि दुसऱ्यात काहीच नाही असं नको, रोजचं प्रमाण सारखं ठेवा म्हणजे आयएनआर फार उड्या मारत नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आयएनआर होतो का हे एकदा विचारून बघा, एक खेप जरी वाचली तरी वाचली.

प्रश्न (गंगापूर रोड): वीकएंडला वाइनरीवर गेलो की रविवारी रात्री छातीत फडफड. योगायोग?

उत्तर: नाही. याला १९७८ पासून नाव आहे, हॉलिडे हार्ट. ऑस्ट्रेलियात एएफ असलेल्या आणि नियमित पिणाऱ्या १४० जणांवर ट्रायल झाली, २०२० चा निकाल, पीत राहिलेल्यांत सहा महिन्यांत ७३ टक्क्यांना एएफ परत आलं, सोडलेल्यांत ५३. नाशिकची वाइन असली तरी हृदयाला गाव कळत नाही. ईसीजी काढून घ्या.

प्रश्न (सातपूर): बाबा ७१ वर्षांचे आहेत, एएफ आहे. हॉस्पिटलमध्ये विचारलंय की नवीन औषधाच्या ट्रायलमध्ये येणार का. फॉर्म दिलाय, त्यात बाबांचं वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव विचारलंय. नॉमिनी! आई तर रडायलाच लागली. म्हणजे माणूस मरणार हे धरूनच चाललेत का? आपण काय बळीचे बकरे?

उत्तर: आईंना आधी हे वाचून दाखवा. तो कॉलम त्या हॉस्पिटलने घातलेला नाही, आपल्याकडच्या नियमात फॉर्मचा नमुनाच तसा ठरलेला आहे. ट्रायलमुळे इजा झाली किंवा माणूस दगावला तर भरपाई द्यावी लागते, ती कोणाला द्यायची म्हणून नॉमिनी. तुम्ही बँकेत एफडी करताना नॉमिनी लिहिता तेव्हा कोणी रडत नाही ना. उलट नॉमिनीचा रकानाच नसलेला फॉर्म आला तर मी म्हणेन उठा आणि घरी चला.

तरी तुमची शंका हवेतली नाही, आपल्या देशात पूर्वी लोकांना न सांगता, न समजावता ट्रायली झाल्याच्या तक्रारी सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या, त्यानंतर नियम कडक होत गेले आणि २०१९ चे नवीन नियम आले. त्यानुसार एथिक्स कमिटीची, म्हणजे पेशंटचं हित बघणाऱ्या समितीची, मंजुरी हवी, माहिती बाबांना समजेल अशा भाषेत, म्हणजे मराठीत, मिळायला हवी, सही केलेल्या फॉर्मची कॉपी तुमच्याकडे राहायला हवी, आणि बाबा कुठल्याही दिवशी, काहीही कारण न देता, बाहेर पडू शकतात, त्याने त्यांचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. औषध पूर्ण नवीन असेल आणि पेशंट हतबल परिस्थितीतला असेल तर समजावून सांगण्याचं व्हिडिओ रेकॉर्डिंगही करावं लागतं.

साखरेच्या गोळीची भीती असेल तर विचारा की तुलना कशाशी आहे. एएफमध्ये स्ट्रोक टाळणाऱ्या औषधाच्या मोठ्या ट्रायलीत सहसा चालू असलेल्या चांगल्या औषधाशीच तुलना करतात. त्यातही धोका असतोच, लपवत नाही. अ‍ॅसुंडेक्सियन नावाचं नवीन रक्त पातळ करणारं औषध होतं, रक्तस्राव कमी करेल म्हणून केवढी आशा होती, जवळपास १४८०० लोक घेतले, समोर आधीपासून वापरात असलेलं अपिक्साबॅन. रक्तस्राव खरंच कमी झाला पण स्ट्रोक वाढले, १.३ टक्के विरुद्ध ०.४. यात माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे की आकडे गुपचूप तपासत बसलेली एक वेगळी समिती असते, तिने हे पाहिलं आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ट्रायल मुदतीआधीच थांबवली. कास्टच्या वेळीही अशाच समितीने थांबवलं होतं. बाबांच्या ट्रायलला अशी समिती आहे का, हे विचारा.

आणि सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या ट्रायलींच्या नोंदवहीतला, नंबर मागा. १५ जून २००९ पासून भारतात प्रत्येक क्लिनिकल ट्रायलची तिथे नोंद सक्तीची आहे, वेबसाइट फुकट आहे, नंबर टाकला की औषध कुठलं, कोणाशी तुलना, किती पेशंट, कुठली कुठली हॉस्पिटलं सगळं दिसतं. नंबर द्यायला कोणी का-कू केली तर तिथेच उत्तर मिळालं. फॉर्म घरी आणा, दोन दिवस ठेवा, जे कळलं नाही त्यावर पेन्सिलीने खुणा करा, बाबांनाच वाचू द्या, सही त्यांची आहे तुमची नाही. फॉर्मवर एथिक्स कमिटीचा फोन नंबर छापलेला असतो, त्यावर एकदा फोन करून बघा, कोणी उचलतंय का.